आपलं आपलं ताट

वसतिगृहात आमच्या ताटाला कप्पे होते. एकात वरण, एकात उसळ, एकात भात, कडेला काकडी नाहीतर गाजर. आज मी आरोग्यसेविका म्हणून शाळाशाळांत चौरस आहार समजावत फिरते, तेव्हा तेच ताट डोळ्यांसमोर असतं. पण पहिल्या वर्षी त्या ताटानं माझ्या तोंडचं पाणी पळवलं होतं.

मी सातवीत, धाकटी बहीण पहिलीत. दिवाळीच्या सुमाराला आईवडील ऊसतोडीला गेले आणि आम्ही दोघी धारूरजवळच्या मुलींच्या वसतिगृहात आलो. पहिल्या जेवणापासून धाकटी रुसली. घरी ताट ही भानगडच नव्हती. आई परातीत भाकरी कुस्करायची, वर कालवण ओतायची, फार तिखट तर झालं नाही ना हे बघायला पहिला घास स्वतः खायची, आणि मग आम्ही तिघी एकदमच हात घालायचो. इथे मोड आलेली मटकी, उकडलेलं अंडं, सगळं कसं शिस्तीत मांडलेलं. धाकटी नुसती बघत बसायची.

"मायनं खाल्लं का यातलं?" हा तिचा एकच प्रश्न.

आठवड्यात तिचा चेहरा उतरला. रविवारी मॅडमच्या, म्हणजे आमच्या अधीक्षिकांच्या, मोबाइलवर वडिलांचा फोन आला.

"खात नसंल तर मी येऊन घिऊन जातो. तू बी चल. कोपीवर तिला कोण बगनार?"

उसाच्या फडाजवळच्या त्या पाचटाच्या झोपडीत, कोपीत, एकदा गेलं की शाळा सुटली, हे मला कुणी सांगायला नको होतं. आमच्या गल्लीतल्या कितीतरी पोरी तशाच गेल्या होत्या. मी मनातून पार हादरले. आणि धाकटीचा असा राग आला, की दोन धपाटे घालावेत.

मॅडमना म्हणाले, आम्हाला एका ताटात जेवू द्या.

"नाही. मागच्या साली निम्म्या पोरी जुलाबानं आडव्या झाल्या होत्या. इथं आपलं आपलं ताट."

त्यांचंही खरंच होतं. म्हणून त्या रात्री मी माझं ताट तिच्या ताटाला खेटून ठेवलं. तिची पोळी वरणात कुस्करली. तिच्या एकेका कप्प्यातला पहिला घास मी खाल्ला आणि आईसारखी मान हलवली.

"तिखट न्हाई. खा."

तिनं खाल्लं. समोर मॅडम उभ्या होत्या. त्यांनी सगळं पाहिलं होतं.

"हात धुतलेस ना?" एवढंच मला विचारून त्या पुढे गेल्या.

मग रोज तसंच. हळूहळू मी एकाच कप्प्यातला घास घेऊ लागले, आणि संक्रांतीच्या आसपास एक दिवस तिनं माझा हातच बाजूला सारला. पुढे तर या धाकट्या बाईसाहेब इतर पोरींना हात धुवायला पिटाळू लागल्या. गाजर मागून घ्यायच्या. वडिलांना फोनवर मीच ठणकावून सांगितलं, "आमी न्हाई येत." जिंकल्यासारखं वाटलं.

पाडव्याच्या सुमाराला आईवडील परतले आणि आम्हाला घरी घेऊन गेले. त्या संध्याकाळी आईनं भाकरी थापल्या, परात भरून काला केला, पहिला घास खाल्ला आणि हाक मारली. धाकटी उठली. फळीवरचं, पाहुण्यांसाठी ठेवलेलं ताट काढून धुतलं, हात धुतले आणि आईच्या समोर, वेगळी बसली.

"कावून गं? माज्यासंगं न्हाई का जेवायचं?"

"आपलं आपलं ताट आसतं, माय."

आईनं परातीतला हात मागे घेतला. मग हसली. "शानी झाली माजी बाय," म्हणत तिच्या ताटात वाढलं. धाकटी खाली मान घालून, एक कणही न सांडता जेवली. मला तिचा अभिमान वाटला आणि रडू आलं, दोन्ही एकदमच.

काला तिघींच्या अंदाजानं केलेला. आईचा हात परातीत हळूहळू चालला होता. माझं पोट केव्हाच भरलं होतं. तरी मी परात रिकामी होईपर्यंत उठले नाही.