ढब्बू पैशाचं वय

सेवकभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी गोंदियाजवळ कुडव्याला, हल्ली राहतो तिथल्या सलूनमध्ये गालाला फेस लावून बसलो होतो. फोनवर त्यांचा मुलगा मनोज होता. "काका, बाबा सकाळी चहा पिले, खुर्चीत बसले, अन् बसल्या बसल्याच..." मी अर्धी दाढी तशीच ठेवून स्कूटरला किक मारली आणि आमगावच्या वाटेला लागलो. त्र्याऐंशी वर्षांचा माणूस, तोंडात चहाची गोडी असताना गेला. याहून चांगलं मरण मागायचं तरी काय, असं स्वतःला बजावत होतो आणि रडतही होतो. आता महिना होऊन गेला, तेव्हा कुठे लिहायला बसलोय.

आमची ओळख नव्याण्णव सालची. माझी आमगावच्या शाळेत बदली झाली होती. बिऱ्हाडासाठी भांडी घ्यायला बाजारातल्या त्यांच्या दुकानात शिरलो. पाण्याचे पितळी गुंड, तांब्याचे लोटे, स्टीलचे डबे, सगळं कसं चकाचक! आणि त्या झगमगाटात हे गृहस्थ मांडीवर लाकडी पेटी घेऊन त्यातल्या काळ्याकुट्ट नाण्यांकडे कौतुकानं बघत बसलेले. जुन्या फुटक्या भांड्यांची मोड विकायला बाया यायच्या, त्या मोडीत कधीमधी जुनी नाणी निघायची. ती वितळवायला न पाठवता हे बाजूला ठेवायचे. मी हात पुढे केला तशी दटावणी आली, "कडेनं धरा मास्तर, तोंडावर बोट नोका लावू!" मग भिंगातून मला दाखवलं. नाण्यावरच्या राजाचा गाल आणि कान पार सपाट झाले होते, पण कडेची अक्षरं शाबूत होती. "जे उंच राह्यते ते आधी झिजते. मानसाचंही तसंच हाय. पह्यले तोरा जाते," ते म्हणाले. आणि रंग? मी विचारलं. "झीज हातानं येते, रंग हवेनं येते. दोन्ही फुकटच भेटते, पन घाई केली त भेटत नाही." लोटा घ्यायला गेलेला मी दीड तास तिथंच बसलो, आणि लोटा विसरून घरी आलो. बायकोनं जे ऐकवायचं ते ऐकवलंच.

मी पडलो विज्ञानाचा मास्तर. पुढच्या वर्षी वर्गात धातू शिकवायचे होते म्हणून त्यांच्याकडून एक ढब्बू पैसा मागून नेला. तांब्याचा, जुन्या चिंचोक्यासारखा तपकिरी. त्यांचा सगळ्यात लाडका. आणि मी दीडशहाण्यानं काय करावं? पोरांसमोर त्याला चिंच आणि मीठ चोळलं! दोन मिनिटांत पैसा लखलखला, पोरांनी टाळ्या वाजवल्या, आणि मी छाती फुगवून तो सेवकभाऊंच्या हातात नेऊन ठेवला. ते बघतच राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं. पैसा उलटसुलट करून एवढंच म्हणाले, "मास्तर... याचं वय कुठं ठेवून आले?"

आठ दिवस मी त्या गल्लीत पाऊल टाकलं नाही. नवव्या दिवशी तेच शाळेच्या फाटकाशी हजर! "रुसायचं आमी, अन् तोंड लपवायचं तुमी? चला, चहा घेऊ." तो पैसा त्यांनी पेटीत परत ठेवला नाही. दुकानातल्या उघड्या फळीवर, हवा लागेल असा मांडला. मग दरवर्षी दिवाळीला मला तिथं उभं करायचे. "पाहा, औंदा किती म्हातारा होऊन राहिला!" आधी तो गुलाबी पडला, मग विटकरी, मग कुठं कुठं तपकिरी. आम्हीही बसून नव्हतो म्हणा. माझे गुडघे बोलू लागले, त्यांचा हात कापू लागला. पन्नाशीत मी केस काळे करून गेलो तर सगळ्या गिऱ्हाइकांदेखत ओरडले, "काऊन जी, आता डोक्याले चिंच चोळली का?" त्या दिवसापासून कलप बंद. अख्खं डोकं पांढरं झालं, पण सुखात आहे. शेवटच्या दिवाळीपर्यंत पैसा बराचसा पूर्वीसारखा झाला होता. "याले घासलं व्हतं हे जानकार मानूस ओळखते," ते म्हणाले, "पन आपल्याले चालते."

त्यांनी मला माफ केलं होतं, हे मला ठाऊक होतं. म्हणूनच तेरवीला जे झालं ते सांगताना अजून लाज वाटते. चौकटीतल्या फोटोचं काम मनोजनं माझ्यावर सोपवलं, कारण गोंदियाचे स्टुडिओ मला जवळ. बसच्या पाससाठी काढलेला त्यांचा अलीकडचा एक फोटो होता, कोपऱ्यावर चहाचा डाग पडलेला. मी स्टुडिओवाल्याला सांगितलं, जरा साफसूफ करून द्या. तेरवीच्या सकाळी कागदात गुंडाळलेली चौकट उचलली आणि न बघता आमगावला नेली. पाहुणे जमलेले, स्वयंपाक झालेला. मनोजनं कागद सोडला. त्याची आई, शेवंतावहिनी, हातात हार घेऊन पुढे झाल्या आणि थबकल्या. फोटोत एक गुळगुळीत गालांचा, काळ्या केसांचा माणूस हसत होता. डाव्या गालावरची खोल घडी गायब. दुकानातल्या फळीवरून पितळी गुंड पडून भुवईला लागलेला काप गायब.

"हा कोन होय?" वहिनींनी विचारलं. एक बाई म्हणाली, छान तर आला आहे. "छान असन. पन पंचावन वर्सं ज्याच्या ताटात वाढलं, तो हा नोहे. याले हार कायले घालू मी?" आणि त्या खाली बसल्या. पैशाची गोष्ट वेगळी होती, फळीवर ठेवून चौदा वर्षं वाट बघता आली. हा चेहरा आता पुन्हा कधी म्हातारा होणार होता?

चौकट काखोटीला मारून उलट गोंदियाला सुटलो. स्टुडिओवाला बिचारा भला माणूस, त्याला कळेचना. "सर, बीस साल निकाल दिए मैंने, उसका पैसा भी नहीं लिया!"

"वही बीस साल वापस डालो, भैया," मी म्हणालो. त्या विसातली पंधरा माझ्यासोबतची होती, हे त्याला कोणत्या भाषेत सांगणार? त्यानं खुर्ची ओढून संगणक पुन्हा सुरू केला. मूळ फोटो त्याच्याकडे होता. चहाचा डाग तेवढा काढून, बाकी कशाला हात न लावता त्यानं नवा छापून दिला.

पोचलो तेव्हा दुपार कलली होती आणि पत्रावळी तशाच मांडून ठेवल्या होत्या. मी चौकट पाटावर ठेवली. भुवईतला काप होता, गालाची घडी होती, हनुवटीवर पांढरे खुंट होते. वहिनी जवळ सरकल्या. बोटानं ती घडी वरून खालपर्यंत चाचपली. मग डोक्यावरचा पदर नीट केला आणि रोजच्याच आवाजात फोटोला म्हणाल्या, "आले का जी? लय उशीर केला... लोकं उपाशी बसून राहिले ना!"

आणि हार घातला.