पंपाचे धर्मपिता

आमच्या कासा मान्सानाच्या संचालकबाईंना भेटायला कोणी आलं, की ते आधी ऑफिसात जातात. तिथे कोणी नसतं. मग बाहेर येऊन जो दिसेल त्याला विचारतात आणि तो सांगतो, "वाकून बघा." दोन्या रेमेदिओस साल्गादो ('दोन्या' हे आमच्याकडचं बाईंना मानाने हाक मारणं) बहुतेक वेळा कुणाच्या तरी सिंकखाली असतात. एकदा सिअ‍ॅटलहून एका मोठ्या संस्थेचे दोन साहेब आले होते. 'येत्या पाच वर्षांसाठी आपली दृष्टी काय?' हा प्रश्न त्यांनी दोन्या रेमेंच्या बुटांना विचारला. सिंकखालून उत्तर आलं, "अजून छत्तीस स्वयंपाकघरं. आणि तो पाना द्या जरा इकडे."

कासा मान्साना म्हणजे सफरचंदाच्या बागांमध्ये राबणाऱ्या माणसांसाठी परवडेल अशा भाड्याची चोवीस घरं, आणि ती चालवणारी संस्था. सेजब्रुक गावात एप्रिल उजाडला की सीमेपलीकडून, ओआहाका, मिचोआकान, गेरेरो अशा कुठून कुठून आलेली आम्ही माणसं शिड्या खांद्यावर टाकतो आणि नोव्हेंबरपर्यंत झाडांवरच असतो. रात्री झाडावरून उतरून जायचं कुठे, हा प्रश्न गावाला पन्नास वर्षांत कधी पडला नव्हता. दोन्या रेमे एकोणिसाव्या वर्षी आल्या, तेव्हा पहिला हंगाम त्यांनी नदीकाठी पाच भावंडांबरोबर एका व्हॅनमध्ये काढला. त्यांच्या वाट्याला ड्रायव्हरची सीट आली होती. अजूनही झोपेत त्या उजवा पाय दाबून ब्रेक मारतात, असं त्यांचे यजमान एलाडिओ सांगतात आणि पुरावा म्हणून आपली नडगी दाखवतात.

संचालक होण्याचं त्यांच्या मनातही नव्हतं. त्यांच्या आधीचे संचालक दोन पदव्या घेतलेले, सज्जन आणि मृदू होते. एका जानेवारीत मुख्य पाइप फुटला आणि अकरा घरांत पाणी शिरलं. साहेब नकाशा उलटसुलट धरून पाण्यात उभे. सहा नंबरमध्ये राहणाऱ्या, बागेत फळं तोडणाऱ्या रेमेदिओस बाहेर आल्या, फावड्याने बर्फ उकरला आणि व्हॉल्व बंद केला. तो कुठे पुरलाय हे त्यांना माहीत होतं, कारण सात वर्षांपूर्वी पुरताना त्यांनी बघितलं होतं. पुढच्याच आठवड्यात साहेबांनी राजीनामा दिला आणि विश्वस्तांनी बाईंना तात्पुरता कारभार बघायला सांगितलं. त्याला चौदा वर्षं झाली. नेमणुकीच्या पत्रावर अजून 'तात्पुरत्या' असंच आहे.

त्यांच्या कारभाराचं सगळं रहस्य एका गोष्टीत आहे, ती म्हणजे धर्मपिते. आमच्यात पोरीचा पंधरावा वाढदिवस साजरा करायचा तर एकट्या बापाच्या खांद्यावर भार नसतो. केकचा खर्च उचलतो तो केकचा धर्मपिता, बुटांची धर्ममाता वेगळी, खुर्च्यांना आणखी तिसराच. आणि एकदा माणूस धर्मपिता झाला, की तो घरच्यांचा कोंपाद्रे होतो. कोंपाद्रे म्हणजे व्याह्यासारखंच. त्याच्याशी आवाज चढवून बोलायचं नाही, त्याला 'अरे' म्हणायचं नाही, आणि त्यानेही आपल्याला तोंडघशी पाडायचं नाही. दोन्या रेमेंनी ही रीत उचलून थेट इमारतीला लावली. आमच्याकडे कपडे वाळवण्याच्या तिसऱ्या यंत्राला धर्मपिता आहे. त्याचं नाव इसाउरो, तो दर रविवारी येऊन यंत्राच्या जाळीतला कापूस काढतो. घसरगुंडीचा धर्मपिता गावातला दातांचा डॉक्टर आहे. पत्रपेट्यांची धर्ममाता मी आहे, त्यामुळे पेटीचं दार आपटणाऱ्यांना माझी भीती वाटते. दुसऱ्या वसाहतींत दर वर्षी निम्मी यंत्रं मोडतात, आमच्याकडे मोडत नाहीत. कुणाच्या कोंपाद्रेच्या यंत्राला लाथ कोण मारणार?

शेजारची चार एकर पडीक जमीन घेऊन छत्तीस घरं बांधायचं ठरलं, तेव्हा मात्र समोर उभे राहिले वेंडेल हॅल्वरसन. वय चौऱ्याहत्तर, तीन पिढ्यांचे बागवाले, बाग विकून निवृत्त झालेले आणि गावाच्या नियोजन समितीच्या पाच सभासदांपैकी एक. परवानगी देणार ती हीच समिती. दोघे आमच्या बाजूचे होते, दोघे नव्हते, आणि वेंडेल वर्तमानपत्राला पत्रं लिहीत होते. रस्त्यावर गर्दी वाढेल, पाणी पुरणार नाही, आणि हंगामापुरत्या माणसांना कायमची घरं कशाला?

इकडे घरासाठी थांबलेल्यांच्या यादीत एकशे नव्वद कुटुंबं होती. माझ्याबरोबर पॅकिंग शेडमध्ये फळं निवडणारी ओतिलिया तीन मुली घेऊन कुणाच्या तरी गॅरेजमध्ये राहत होती, आणि मालकाला गाडी आत लावायची असली की ह्या चौघी बाहेर. मार्चअखेर परवानगी मिळाली नाही तर जमिनीचा करार संपणार होता. मग तिथे ट्रॅक्टरचं दुकान येणार, हेही ठरलेलं होतं.

दोन्या रेमेंनी त्या पत्रांना उत्तर दिलं नाही. त्या पडीक जमिनीवर पाण्याचा एक जुना पंप गंजून पडला होता. तो कोणाच्यानेच चालू होईना. तरुणपणी खोऱ्यातले निम्मे पंप वेंडेलनीच बसवलेत असं त्यांच्या कानावर आलं, तशा त्या सरळ त्यांच्या दारात गेल्या आणि म्हणाल्या की तुमचा पंप आमचं ऐकत नाही. वेंडेल म्हणाले, घरांना माझा विरोध आहे. त्या म्हणाल्या, असू दे की, मी पंपाबद्दल विचारतेय.

ते तीन दिवस कुरकुरत आले. चौथ्या दिवशी पंप चालू झाला. आता एवढं झाल्यावर आशीर्वाद नको? पाद्री आले, पंपाला पांढरी रिबीन बांधली, वेंडेलच्या हातात मेणबत्ती दिली. त्यांना वाटलं, फीत कापायची आणि जेवायचं. मक्याच्या पानात उकडलेले तमालेस तर त्यांनी सहा खाल्ले. जेवण झाल्यावर साठ माणसांनी ओळीने येऊन त्यांना मिठी मारली, त्यात ते जरा घाबरले. दुसऱ्या दिवशी ते पेट्रोल भरायला गेले, तर तिथला पोरगा म्हणाला, "गुड मॉर्निंग, कोंपाद्रे." किराणा दुकानात कोंपाद्रे, पोस्टात कोंपाद्रे. बायको जाऊन नऊ वर्षं झालेला माणूस. महिन्याभरात ते आपलं तेल घेऊन पंप बघायला रोज सकाळी यायला लागले. आणि फेब्रुवारीत एक दिवस पंपाकडे बघतच दोन्या रेमेंना म्हणाले, माझं मत घरांना आहे, पण सगळीकडे सांगत सुटू नका. त्यांनी सगळीकडे सांगितलं.

त्यामुळे बैठकीच्या दिवशी आम्ही निर्धास्त होतो. दुपारी चारची वेळ, शेडमधून हातपाय धुऊन साठ जण आलेलो, ओतिलिया पहिल्या रांगेत. अध्यक्षांनी चष्मा लावून नेहमीची ओळ वाचली, की कुठल्या सभासदाचं अर्जदाराशी काही नातं आहे काय? ही ओळ ते गेली वीस वर्षं वाचतात आणि उत्तराची वाट न बघता पुढे जातात.

वेंडेलनी हात वर केला.

ते म्हणाले, मी नक्की सांगू शकत नाही, पण बहुतेक आहे. मी ह्या लोकांच्या पंपाचा धर्मपिता आहे.

गावचे वकीलसाहेब नियमांचं पुस्तक चाळायला लागले. पंपाचं प्रकरण पुस्तकात नव्हतं. शेवटी त्यांनी दोन्या रेमेंना उभं केलं आणि समजुतीच्या सुरात विचारलं, की बाई, हा एक आपला समारंभ होता ना? फीत, जेवण, फोटो? म्हणजे खरं नातं असं काही नाही?

पळवाट समोर उघडी होती. नुसतं 'हो, समारंभच' म्हणायचं आणि छत्तीस घरं पदरात. मी मनातल्या मनात ओरडत होते, म्हण बाई, म्हण. पण वेंडेल त्यांच्याकडे बघत होते, वाळवणाऱ्या यंत्राचा इसाउरो बघत होता, दातांचा डॉक्टरही बघत होता. दोन्या रेमेंनी हातातला किल्ल्यांचा जुडगा पर्समध्ये टाकला.

"नातं आहे," त्या म्हणाल्या. "हे माझे कोंपाद्रे आहेत. इथे नाही म्हटलं, तर उद्या कुठल्या तोंडाने हो म्हणू?"

वकिलांनी पुस्तक मिटलं आणि वेंडेलना मत देता येणार नाही असं जाहीर केलं. आता दोन विरुद्ध दोन. बरोबरी म्हणजे नामंजूर. ओतिलियाने डोक्यावरची शाल पुढे ओढली. शेजारी इसाउरो पुटपुटला, "काय हा प्रामाणिकपणा! हा रोग आपल्याकडूनच लागला असणार कोंपाद्रेंना."

वेंडेल व्यासपीठावरून उतरले. उतरता उतरता त्यांनी वकिलांना विचारलं, की मी आता साधा गावकरी झालो का? झालात. मग गावकऱ्याला तीन मिनिटं बोलता येतं ना? येतं, पण नंतर सभागृहातून बाहेर जावं लागेल.

ते आमच्या बाजूच्या माईकवर आले.

"माझ्या बागेमागे आठ खोल्या होत्या," ते म्हणाले. "आत नळ नव्हता. मी म्हणायचो, सहा आठवड्यांचा तर प्रश्न आहे. असे सहा-सहा आठवडे मी एकतीस वर्षं काढले. म्हणजे त्यांनी काढले, मी घरात होतो. एकदाही त्या खोलीत झोपून बघितलं नाही. पंप मात्र मी रोज बघायचो."

अजून दोन मिनिटं शिल्लक होती. त्यांनी ती वापरली नाहीत. टोपी घातली आणि दाराकडे निघाले.

आता घरचा माणूस निघाला तर खुर्चीत बसून राहायचं असतं का? दोन्या रेमे उठल्या, पाठोपाठ ओतिलिया उठली, आणि बघता बघता साठच्या साठ माणसं वेंडेलना सोडायला बाहेर. ट्रकपर्यंत गेलो, हात हातात घेतले, वाऱ्यात टोपी नीट घाला म्हणून सांगितलं, बायकांनी पायाला पांघरूण आहे ना विचारलं. सगळे मिळून सात-आठ मिनिटं गेली असतील.

परत आलो तर समितीचे चौघे रिकाम्या खुर्च्यांकडे बघत बसलेले. आम्ही निषेध करून उठून गेलो, अशी अध्यक्षांची समजूत झाली होती. विरोधातल्या दोघांपैकी एक होत्या मिसेस लोर्ना पिकेट, शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. ह्या माणसांना गावात मूळ नाही, आज आहेत उद्या नाहीत, ही त्यांची मुख्य हरकत. त्यांनी वर्गात उशिरा आलेल्या पोरांना विचारावं तसं विचारलं, की तुम्ही सगळे कुठे गेला होतात?

"कोंपाद्रेंना गाडीपर्यंत सोडायला," दोन्या रेमे म्हणाल्या.

"सगळे?"

"एकाने जाऊन कसं चालेल बाई? त्यांना वाटलं असतं, बाकीचे रागावले."

लोर्नाबाई बराच वेळ कागद सरळ करत राहिल्या. मग कुणाला उद्देशून नाही अशा आवाजात म्हणाल्या, की मी ह्या समितीवर अकरा वर्षं आहे, मला कधी कोणी दारापर्यंतही सोडलेलं नाही. मतदान झालं तेव्हा त्यांनी हात वर केला आणि एक अट घातली: गाड्या लावायला बारा जागा जास्त, त्याही उत्तरेच्या बाजूला. तीन विरुद्ध एक. मंजूर.  ओतिलियाने शेजारच्या माणसाला धरून हलवायला सुरुवात केली, तो पाद्री निघाला.

आम्ही बाहेर आलो, तर वेंडेलचा ट्रक अजून तिथेच. काच खाली करून ते वाऱ्यात बसले होते. दोन्या रेमेंनी मंजूर झालं म्हणून सांगितलं. त्यांनी डोळे मिटले, स्टिअरिंगवर दोन थापा मारल्या. मग अट ऐकली आणि डोळे खाडकन उघडले.

उत्तरेला? उत्तरेला कुणी गाड्या ठेवतं का? सगळा उतार तिकडे आहे, बर्फ वितळला की तळं होईल. आधी चर खणायला हवा, मग खडी, आणि खडीसुद्धा नदीची नको, खाणीची हवी. ते ट्रकमधून उतरले, बुटाच्या टाचेने मातीत चर काढून दाखवायला लागले. साठ माणसं भोवती उभी, थंडीने नाकं लाल झालेली, आणि निघायचं कोणी नाव घेईना, कारण कोंपाद्रे बोलत होते.

दोन्या रेमेंनी बराच वेळ ऐकून घेतलं. मग अगदी आदराने म्हणाल्या, "कोंपाद्रे, मघाशी आत बरं होतं हो. तुम्हाला तीनच मिनिटं होती."