वंदनाची चढण

आज विजय नगरच्या दुकानात कापूर घातलेल्या तेलाचा वास आला आणि पचमढीची ती संध्याकाळ आठवली. दिवसभर डोंगर चढून आम्ही चौघी मैत्रिणी मुक्कामाला पोचलो होतो. आमच्यातल्या धाकट्या वंदनाच्या पोटऱ्या दगडासारख्या ताठल्या होत्या. तेल चोळताना मी चिडले, "काहून एवढी जिद्द करून राहिली? उद्या खोलीतच थांब."

"दीदी, नवरा गेल्यापासून सगळे मला थांबच म्हणतात. उद्या मी शिखरावर जाणार."

तेव्हा मला तो हट्ट वाटला. आता मीही एकटी आहे, मुलं मला सारखी बसवून ठेवतात, आणि तिचं म्हणणं पटतं.

दुसऱ्या दिवशी ती लंगडत चढली, आमच्या आधी पोचली आणि वरून ओरडली, "चलो, काहून बसून राहिल्या?"