तीर्थाचं आउटलेट

"मॅडम, बूच काढू नका! हात जोडतो, काढू नका!"

भाऊसाहेब देवरे बाथरूमच्या दारातून ओरडत होते. माझा उजवा हात खांद्यापर्यंत टबात बुडालेला, बोटं तळाच्या बुचावर. पाण्यावर झेंडूची फुलं, अक्षता, हळद-कुंकू आणि एक विझलेली पणती. शेजारी टबाचा पंप आचके देऊन बंद पडलेला. आणि बाहेर मांडवात वास्तुशांतीची पंगत बसलेली.

मी नाशकात बावीस वर्षं प्लंबिंगची कंत्राटं घेतली. सिव्हिलचा डिप्लोमा केलेली बाई हातात पाइपपाना घेऊन उभी राहिली की पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "साहेब कुठे आहेत?" साहेब बँकेत असायचे. त्यांना नळाचा वॉशरसुद्धा बदलता येत नाही. पण ते जाऊ द्या, टबाचं सांगते.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. भाऊसाहेब सटाण्याचे कांदा व्यापारी. गंगापूर रोडला बंगला बांधत होते, आणि त्यांना तळमजल्यावर व्हर्लपूल टब हवा होता. हौस म्हणून नव्हे, आईसाठी. आईचे गुडघे पार गेलेले. दोन वर्षं म्हातारी जमिनीवर बसली नव्हती. देवपूजा खुर्चीवर बसून, जेवण खुर्चीवर बसून, आणि त्याचा तिला इतका राग, की खुर्चीला ती वैरीण म्हणायची. डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज अर्धा तास कोमट पाण्यात बसवा, पाण्याचा मारा बसला तर उत्तमच. भाऊसाहेबांनी असा टब मुंबईच्या हॉटेलात पाहिला होता.

व्हर्लपूल टब म्हणजे काही जादू नाही. टबाच्या पोटाला एक जाळी असते. पंप त्या जाळीतून पाणी ओढतो आणि हवा मिसळून बाजूच्या तोट्यांतून जोरात परत सोडतो. या तोट्यांना जेट म्हणतात. पाणी जेटच्या वर असलं पाहिजे आणि जाळीत काही अडकता कामा नये. एवढं पाळलं की झालं.

टब निवडायला आम्ही मुंबईच्या शोरूममध्ये गेलो. भाऊसाहेबांनी खिशातून एक सुतळी काढली. तिला दोन गाठी. "ही आईची बसलेली उंची. ही पायांची." सेल्समन इंग्रजीत जेटची संख्या सांगत होता. भाऊसाहेबांनी टोपी सावरली, चपला काढल्या आणि कोरड्या टबात जाऊन मांडी घालून बसले. मग पाय पसरले. मग बोटांनी टिचक्या मारत सगळा टब वाजवून पाहिला, लिलावात कांदा दाबून पाहतात तसा. असे चार टब झाले. पाचव्यात ते आडवे पडले आणि चक्क त्यांचा डोळा लागला.

"हाच," उठल्यावर ते म्हणाले.

"का?"

"झोप लागली ना!"

यापेक्षा शास्त्रशुद्ध निवड मी नंतरही पाहिलेली नाही.

टब आला, माझे फिटर इस्माईलभाई यांनी तो लेव्हलला बसवला. मग भाऊसाहेब आईला घेऊन आले. मुलाच्या खांद्याचा आधार घेऊन ती दारात उभी राहिली. मी कौतुकाने सगळं समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि अहिराणीत एकच वाक्य टाकलं.

"आपलाच मयमां बठानं, आनि त्येले आंघोय म्हनानं?"

आपल्याच मळात बसायचं आणि त्याला आंघोळ म्हणायचं! आंघोळ म्हणजे डोक्यावरून तांब्या ओतायचा, पाणी अंगावरून वाहून गेलं पाहिजे, साचलेल्या पाण्यात म्हशी बसतात, असं तिचं साधं सरळ गणित होतं. आणि खरं सांगू का, ते मलाही पटत होतं.

भाऊसाहेबांचा चेहरा उतरला. "मॅडम, ही बसली नाही तर सगळं फुकट. तो टब नका बघू. तिचे गुडघे बघा."

"मी प्लंबर आहे हो," मी म्हटलं, "कीर्तनकार नाही."

वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी मी लीक टेस्ट लावली. म्हणजे टब काठोकाठ भरायचा आणि चोवीस तास तसाच ठेवायचा. पातळी उतरली नाही तर सांधे पक्के. बाथरूमच्या दारावर मी खडूने मोठ्या अक्षरांत लिहिलं, "टेस्टिंग चालू. हात लावू नये." घरात वर्षानुवर्षं हुकूम सोडून मला एक कळलं आहे, की दारावर काही लिहिलं की लोक ते वाचायला आत जातात.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊसाहेबांची मावशी सटाण्याची मंडळी घेऊन उतरली. वाटेत वाकडी वाट करून त्र्यंबकेश्वरला गेलेली. सोबत तिथल्या कुशावर्त कुंडातल्या तीर्थाचे दोन कॅन. आता त्यांच्याकडची पद्धत अशी, की नवी विहीर असो, हौद असो की टाकी, पहिलं पाणी भरलं की त्यात तीर्थ घालून पूजा करायची, मगच ते वापरायचं. मावशींनी घरभर फिरून भरलेलं पाणी शोधलं. गच्चीवरची टाकी शिडीने चढायची, ते त्यांना जमेना. मग त्यांना बाथरूममध्ये हा पांढराशुभ्र हौद सापडला. काठोकाठ भरलेला. दारावर खडूने काहीतरी लिहिलेलं, शुभलाभच असणार!

दोन्ही कॅन ओतले. हळद-कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, पणती सोडली. पाच सवाष्णींनी फुलं वाहिली. नमस्कार करताना एकीचा हात काठावरच्या गोल बटणावर पडला.

हौद उकळायला लागला.

"गंगा आली वं माय!" अशी किंकाळी मांडवापर्यंत ऐकू आली. मी पोचले तेव्हा नऊ बायका हात जोडून उभ्या होत्या, दोघींच्या डोळ्यांत पाणी, आणि गुरुजी चक्रावून दारात. मग फुलं आणि अक्षता जाळीत जाऊन बसल्या, पंपाचा घसा दाटला, त्याने दोनदा ठसका दिला आणि मान टाकली.

मला तर रडूच कोसळायचं बाकी होतं. पंप साफ करायचा तर टब रिकामा करायला हवा. मी बाह्या सारल्या, बुचाला हात घातला. तेवढ्यात भाऊसाहेब ओरडले. ते मी वर सांगितलंच आहे.

"का नको?" मी विचारलं.

"मॅडम, हे पाणी जाणार कुठे?"

"कुठे म्हणजे? चेंबरला."

"आणि चेंबरला आणखी काय काय येतं?"

चेंबर म्हणजे सांडपाण्याच्या सगळ्या लाइनी जिथे एकत्र येतात ती हौदी. सगळ्या म्हणजे संडाससुद्धा.

"कुशावर्ताचं तीर्थ!" मावशी गालांवर हात मारून घेत म्हणाल्या. "संडासात! वास्तुशांतीच्या दिवशी!"

शेवटी प्रकरण गुरुजींपुढे गेलं. माणूस तरुण, चष्मेवाला, अतिशय मुद्देसूद. त्यांनी टबाला एक चक्कर मारली.

"साबण घातला आहे का?"

"नाही."

"कुणी आत उतरलं?"

"नाही."

"मग जमिनीला गेलं तर चालेल. झाडाच्या मुळाशी उत्तम. गटाराला नाही. आणि कुणाचे पाय पडतील असंही नाही."

उभ्या आयुष्यात मी शेकडो आर्किटेक्टांच्या हाताखाली काम केलं, पण इतकं स्पष्ट स्पेसिफिकेशन मला कुणी दिलं नव्हतं.

"ठीक आहे," मी म्हटलं. "भिंतीला भोक पाडते, बागेकडे वेगळी लाइन काढते."

"आज भिंत फोडणार?" आता गुरुजी आणि मावशी एका सुरात ओरडले. वास्तुशांत झालेल्या घरावर त्याच दिवशी छिन्नी? मी जीभ चावली.

इस्माईलभाई इतका वेळ कोपऱ्यात टोपी हातात घेऊन उभे होते. ते हळूच म्हणाले, "मॅडम, खिडकी आहे ना. सायफन मारू."

धन्य तो माणूस! बंगल्याचं जोतं चांगलं तीन फूट उंच, बाग खाली. नळी टबात बुडवायची, दुसरं टोक खिडकीतून बागेत सोडायचं. एकदा पाणी ओढून नळी भरली की पुढचं पाणी आपोआप खाली उतरतं. प्रश्न एकच. तोंड लावून ओढणार कोण? इस्माईलभाई म्हणाले, "तीर्थ आहे. मी ओढलं तर मावशींना चालेल का?" मावशींनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "पाण्याला काय कळतंय? पण ही बाईमाणूस आहे, हिलाच पुण्य घेऊ दे."

बागेत पेरूच्या रोपाशी उकिडवी बसून मी नळी ओढली. तोंडात तीर्थ, हळद, कुंकू आणि झेंडूची अर्धी पाकळी. पोलादी गाळणी लावली असती तर बरं झालं असतं, असं तेव्हाही मनात आलं. खिडकीतून टाळ्या पडल्या.

सगळा टब पेरूच्या मुळाशी रिकामा झाला. इस्माईलभाईंनी जाळीतून ओंजळभर अक्षता काढल्या आणि पंप सुरू झाला. मी हत्यारं आवरत होते. दारात काठीचा आवाज आला. म्हातारी. तिने सगळा तमाशा मांडवातल्या खुर्चीवरून ऐकला होता.

"पानी कथा जास?" तिने विचारलं. पाणी कुठे जातं?

"पेरूला," मी नळी दाखवली. "गटाराला नाही."

ती खिडकीशी गेली, वाकता येईना तरी वाकून रोपाकडे पाहिलं, मग टबाकडे पाहिलं.

"मंग आते हाई कुंड शे," ती म्हणाली. मग आता हे कुंड आहे!

आणि कुंडात बसायला तिची काहीच हरकत नव्हती! कुंडात साचलेलं पाणी चालतं. कुंडात कुणी अंग घासत नाही. आधी बादलीने स्वच्छ आंघोळ करायची, मग कुंडात उतरायचं. मुलाने दोन महिने समजावून जे झालं नव्हतं, ते मावशीच्या दोन कॅननी केलं. भाऊसाहेब बेसिनकडे तोंड करून उगाचच नळ उघडझाप करत राहिले. मीही तिकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी कोमट पाणी भरलं. तिने स्वतः तांब्याभर तीर्थ टाकलं आणि मला आत बोलावलं, बाकी सगळे बाहेर. नऊवारी लुगड्यासकट, घाटावर उतरतात तशी, माझा हात घट्ट धरून ती उतरली. लुगड्याचा काठ जाळीत ओढला जाईल या भीतीने मी आधीच जाळीवर भोकं पाडलेली स्टीलची मोठी पेटी बसवून घेतली होती. बटण दाबलं. गुडघ्यांवर पाण्याचा मारा बसला तशी ती "आई गं" म्हणाली आणि डोळे मिटून घेतले. वेदनेचं "आई गं" आणि सुखाचं "आई गं" यांतला फरक मला कळतो. पंधरा मिनिटं ती माझा हात सोडेना.

टबाच्या तळाला मी परदेशी क्रोमचं वेस्ट, म्हणजे पाणी जायचं तोंड, बसवलं होतं, खाली दोन इंची लाइन, उतार अगदी मापात. माझ्या हातचं सगळ्यात देखणं काम. त्यातून आजवर एक थेंब गेलेला नाही. पाणी रोज खिडकीतून नळीनेच पेरूला जातं.

पाच-सहा महिन्यांनी पंप तपासायला गेले. स्वयंपाकघरात कुणीतरी खाली पाटावर बसून मेथी निवडत होतं. मला वाटलं कामवाली बाई. जवळ गेले तर म्हातारी! एक पाय पसरलेला, एक दुमडलेला, पण जमिनीवर. खुर्ची कोपऱ्यात, तिच्यावर कपड्यांचा ढीग. मी काही बोलायच्या आत तिने बाजूचा पाट माझ्याकडे सरकवला आणि एक जुडी माझ्या हातात दिली.

त्यानंतर टबाची गिऱ्हाइकं बरीच आली. लोक जेट विचारतात, रंग विचारतात, गॅरंटी विचारतात. मी आधी घरातल्या म्हातारीला भेटते आणि बागेत पेरू कुठे लावायचा ते विचारून घेते.