वाट बिघडवणारी मंडळी

डोंबिवलीच्या कडेला आमची एक टेकडी आहे. तिची पायवाट आम्ही रविवारच्या मंडळींनी इतकी छान राखली, की वरचा माळ हातचा जायची वेळ आली.

दर रविवारी विळे-कोयते घेऊन आम्ही वर. घाणेरी उपटायची, पावसाने खाल्लेल्या कडेला दगड रचायचे, माळाभोवती बोराटीच्या काट्यांचं कुंपण घालायचं, म्हणजे बाइकवाले गवतात घुसत नाहीत. त्या गवतात लावे पक्षी राहतात, आणि पावसाळा सरता सरता सोनकी अशी पिवळी फुलते की बोलायची सोय नाही. पण आम्ही पडलो हौशी! वाटेच्या दोन्ही बाजूंना दगड मांडून त्यांना चुना फासला. ती घोडचूक. पांढऱ्या दगडांमधली सरळसोट वाट कुणीतरी फोटोत टिपली, तो फोटो वॉर्डातल्या साहेबांपर्यंत पोचला आणि खालच्या टपरीवर चहाबरोबर बातमी आली: माळ आडवा कापून जॉगिंग ट्रॅक. पेव्हर ब्लॉक, रेलिंग, दिवे, सेल्फी पॉइंट. येत्या रविवारी पाहणी.

आमचे चेहरे पडले. आमच्या म्होरक्या म्हणजे निवृत्त शाळामास्तरीण, सत्तरी ओलांडलेल्या बाई. त्यांनी चहाचा ग्लास आपटला. "रडताय काय? वाट चांगली आहे म्हणून हवीय ना त्यांना? मग बिघडवा!"

अहाहा! आयुष्यात इतकं मन लावून मी काही बिघडवलं नव्हतं. चुना खरवडला. दगड गडगडवले. बोराटी सरळ वाटेवर आडवी टाकली आणि नवी वाट माळाच्या कडेकडेने, कमरेएवढ्या कुसळी गवतातून, वळणं घेत नेली. बंद नव्हती हं! फक्त जरा आग्रही होती.

रविवारी साहेब आले. पांढरी, कडक इस्त्रीची पँट. बाई पुढे, लग्नात वरपक्षाला नेतात तशा. "या साहेब, असे या."

निम्म्यातच साहेब थांबले. गुडघ्यापर्यंत कुसळं, मोज्यांत तर विचारूच नका. ते दगडावर बसले आणि एकेक उपटायला लागले.

"अहो बाई, फोटोत रस्ता मस्त होता!"

"फोटो जुना, साहेब. गवत वाळलं की असंच होतं."

"दरवर्षी?"

"दरवर्षी," बाई म्हणाल्या. आवाज थेट सांत्वनाचा. मी घाईघाईने कोयत्याची धार बघायला लागलो.

"इथे म्हातारी माणसं चालणार कशी?" साहेबांनी विचारलं. बाई त्यांच्यासमोर कोयता टेकून उभ्या होत्या. त्यांना धापसुद्धा लागली नव्हती. त्यांनी फक्त मान हलवली, फार दुःखाने.

ट्रॅक बारगळला, पेव्हर ब्लॉक खालच्या बागेत गेले. तिथे छान दिसतात, मी स्वतः सांगतो.

आता सोसायटीतले लोक मला लिफ्टमध्ये गाठतात. "काय हो, एवढे जण राबता, जरा वाट नीट करा की!"

नीटच आहे. या रविवारी आणखी एक वळण काढणार आहोत.