बांबूचा स्टँड माझा नव्हता

कॅमेऱ्याचा स्टँड निवडताना तुम्ही कोणाला विचाराल — दुकानदाराला, की फडावर स्वतःची कोपी, म्हणजे झोपडी, उभी करणाऱ्या ऊसतोड बाईला? मी त्या बाईला विचारलं. त्यानंतर जे केलं ते परवापरवापर्यंत कोणाला सांगितलं नव्हतं.

दुष्काळाचं वर्ष. आष्टीकडच्या चारा छावण्यांत जनावरांच्या तोंडचा चारा जातो कुठे, हे मला चित्रित करायचं होतं. बाजारातला हलका स्टँड माळावरच्या वाऱ्यात कॅमेऱ्यासकट आडवा झाला. दणकट मिळाला तो लोखंडी. दोन छावण्या चालून होईतो खांदा सुजला.

ती ऊसतोड बाई, मंदोदरी मावशी, छावणीत आपल्या बैलांपाशी बसून हे बघत होती.

"पेपरवाले, तुमचं यंत्र पिऊन आलंय व्हय?"

मग स्टँड कसा हवा, असं मी तिलाच विचारलं, तशी ती उठली. दरसाल बांबू-पाचटाची कोपी बांधणारे हात ते. बांबू नखानं वाजवून बघितले, जमिनीवर लोळवून बघितले. वाकडा निघाला की बाजूला. पेरं जवळजवळ असलेले, सावलीत वाळलेले तीनच घेतले. वरती सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळली. कॅमेऱ्याचा नट मी सायकलवाल्याकडून बसवून आणला — माझं काम एवढंच. मधोमध वजन हवं म्हणून मी पाण्याचा कॅन टांगायला निघालो.

"पानी टांगून ठेवायचे दिस हायेत का हे? दगूड बांध."

वारा सुटला. चित्र हललं नाही. अन् तो स्टँड मी एका हातानं उचलून चालत होतो! इतकं नेमकं काम मी तोवर पाहिलं नव्हतं — नंतरही नाही.

मी त्यावर पत्रक काढलं: हलका, दणकट स्टँड कसा निवडावा. त्यातली प्रत्येक पारख तिची. खाली नाव — फक्त माझं. राबणाऱ्याचं नाव पुसणारा चोर असतो, असं मीच आधीच्या पत्रकात लिहिलं होतं. मग हे काय होतं? विसर? नाही. मला हुशार दिसायचं होतं.

आणि तेवढ्यावर थांबलं नाही. महिलांच्या एका सहकारी संस्थेला गावोगावच्या शाखांतल्या चित्रीकरणासाठी तसे स्टँड हवे होते. अध्यक्षबाईंनी भर बैठकीत विचारलं, हे बनवलं कोणी? बनवणाऱ्याला हिवाळाभर घरबसल्या काम मिळणार होतं. मावशी आठवड्यापूर्वीच मला म्हणाली होती, "औंदा गुडघा न्हाई म्हनतोय बाबा. गावातच काय मिळालं तर बघ." हे माझ्या कानात होतं — होतंच — तरी मी म्हणालो, "मी."

काम माझ्या आराखड्यावरून शहरातल्या वर्कशॉपला गेलं. दिवाळी होताच मावशी गुडघ्याला फडकं बांधून फडावर निघाली. मी निरोप द्यायला उभा होतो. तिनं विचारलं, "स्टँड टिकला का रं?" मी मान डोलावली. तिला कळलं होतं का? विचारायची माझी छाती झाली नाही.

संस्थेला मी आता लेखी कळवलं आहे. त्यानं तिचा तो हंगाम परत येत नाही. पत्रक मात्र अजून फिरतंय. तुमच्या हाती पडलं तर माझं नाव खोडा, तिचं लिहा. आणि स्टँड हवा असेल तर तिलाच सांगा — दिवाळीच्या आत. नंतर ती गावात नसते.