देवमाशाच्या पिल्लाला तीट

दुसऱ्याच्या लेकराची काळजी वाहणारी माणसं जगात पुष्कळ सापडतील. पण सोलापुरात बसून अमेरिकेतल्या देवमाशाच्या लेकरासाठी झोप उडालेला माणूस आमच्या बायकोच्या मामांखेरीज दुसरा कुणी असेल, यावर माझा विश्वास नाही. मामा मूळचे जेऊरचे. सगळी हयात अक्कलकोट रोड एमआयडीसीत, मागावर टॉवेल विणण्यात गेली. समुद्र त्यांनी पहिल्यांदा पाहिला तो थेट सिएटलला, मुलीच्या बाळंतपणाच्या वेळी. बाळंतपण मामींनी केलं. मामांना काम नव्हतं, आणि बिनकामाचे मामा म्हणजे घराला ताप. जावयाने त्यांना किनाऱ्यावर नेऊन बसवलं. तिथं त्यांना ऑर्का नावाचे काळेपांढरे देवमासे दिसले आणि हे प्रकरण सुरू झालं.

तिथले हे ऑर्का सॅमन माशावर जगतात. सॅमन अंडी घालायला नदीत चढतो. पण धरणांनी त्याची वाट अडवली, ओढ्याकाठची झाडं गेली, पाणी तापलं. सॅमन घटला तसे ऑर्का उपाशी राहू लागले. हे मामांना कुणी कोणत्या भाषेत सांगितलं देव जाणे, पण दुष्काळी गावच्या माणसाला ते झटकन कळलं. "जित्राब वाचवायचं तर आदी त्याचा चारा बघा की! नुसतं फोटू काडून काय हुतंय?" डोक्याला सोलापुरी टॉवेल गुंडाळून ते तिथल्या लोकांबरोबर ओढ्याच्या काठाने झाडं लावत सुटले. नातवाच्या बारशालासुद्धा चिखलाने माखूनच उगवले. मामी त्या दिवसाबद्दल अजून बोलतात.

दुसरा विषय गोंगाटाचा. आपल्याच आवाजाचा पडसाद ऐकून ऑर्का मासा शोधतो, आणि बोटींच्या घरघरीत त्याला तो ऐकू येत नाही. "मला इचारा! मागाच्या खटखटीत बायकोची हाक कदी ऐकू आली न्हाय." त्या खटखटीने मामांचे कान अधू झालेत, त्यामुळे शांततेची बाजू ते ओरडूनच मांडतात. समोरचा किराणावाला अर्धं शटर ओढून घेतो.

काही वर्षांपूर्वी मुलीचा फोन आला, की मामांनी किनाऱ्यावरून पाहिलेल्या ऑर्कांपैकी एका मादीला पिल्लू झालं. मामांनी त्याच सकाळी गल्लीभर पेढे वाटले. पाचवी व्हायच्या आत पिल्लू गेलं. आई ते मेलेलं पिल्लू डोक्याने ढकलत पोहत राहिली, हे कळल्यावर मामा ताटावरून उठले. "माजीच नजर लागली," म्हणाले. पाचवी पुजल्याशिवाय आपल्यात कुणी असा गाजावाजा करतं का! एरवी मी मामांची थट्टा करायची संधी सोडत नाही. त्या दिवशी मात्र मीच त्यांचं ताट झाकून ठेवलं.

मागच्या हिवाळ्यात त्याच मादीला पुन्हा पिल्लू झालं. या खेपेला मामा गप्प. मुलीने पाठवलेला फोटो त्यांनी मोबाइलवर कायमचा लावला. मामींनी तो पाहिला, काजळाची डबी आणली आणि काचेवर, बरोबर पिल्लाच्या गालावर, तीट लावली. फोन आला की नाव नेमकं तिच्याखाली झाकलं जाई. मग मामा "कोन? कोन बोलतंय?" असं ओरडत. पण काच काही पुसेनात. पेढ्याचं नाव काढलं तरी डोळे वटारत.

परवा आम्ही गेलो तर मामा दारातच उभे. पिल्लाने वर्ष काढलं होतं, आणि आईने धरलेल्या सॅमनचा तुकडा खाताना लोकांनी त्याला पाहिलं होतं. "जावई, खाल्लं त्येनं," मामा म्हणाले, आणि जन्मात पहिल्यांदा हळू आवाजात. खरं सांगतो, माझाही जीव भांड्यात पडला. मामींनी पेढे पुढे केले.

"मामा, आता तरी काच पुसा," मी म्हटलं.

"व्हय, पुसतो की." त्यांनी खांद्यावरच्या टॉवेलचं टोक हातात घेतलं आणि थांबले. "मी लावल्याली झाडं अजून कमरंएवडी असतील. वड्यावर सावली पडायला लई वर्सं लागत्यात. मी काय आता परत तितं जायचा न्हाय."

मग त्यांनी काच पुसली, कडेकडेने, सावकाश. तीट तेवढी राहू दिली.